खाजवून खरूज निघते का?

मराठीत एक वाक्प्रचार आहे, 'खाजवून खरूज काढणे'. म्हणजे काही कारण नसताना भांडण उकरून काढणं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या पेपरात असे वाक्प्रचार यायचे. अर्थ लिहायचा, वाक्यात उपयोग करायचा, मार्क घेऊन मोकळं व्हायचं. पण हा वाक्प्रचार खरा आहे का, खाजवून खरूज खरंच निघते का, असं कधी कोणी विचारलं नाही!

मित्रहो, विषय वाचून हसू नका. होस्टेलवर राहणाऱ्याला खाज काय असते हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात दोन-दोन दिवस न वाळलेली जीन्स घातली की गजकर्ण, उन्हाळ्यात घामोळं, आणि एखाद्या सेमिस्टरला अख्ख्या विंगमध्ये फिरणारी खरूज. यातलं शेवटचं नाव कोणी उघड घेत नाही. मेडिकलमधून गुपचूप मलम आणलं जातं आणि गादीखाली लपवलं जातं. हे लपवणंच कसं घातक आहे ते पुढे येईलच. आधी खाज म्हणजे काय ते पाहू.

दुखणं वेगळं, खाजणं वेगळं

१६६० साली सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन डॉक्टरने खाजेची व्याख्या केली. जी नकोशी संवेदना झाली की खाजवावंसं वाटतं, ती खाज. साडेतीनशे वर्षं उलटली तरी पुस्तकांत आजही हीच व्याख्या आहे. याहून सोपं कोणाला जमलं नसावं.

खाज म्हणजे हलकं दुखणंच, असं बरीच वर्षं मानलं जायचं. पण थोडा विचार केला तर ते पटत नाही. चटका बसला की हात मागे जातो, खाज आली की हात तिकडेच धावतो. एका संवेदनेला शरीर 'पळ' म्हणतं, दुसरीला 'काढून टाक' म्हणतं. शिवाय मॉर्फिन दिलं की दुखणं कमी होतं, पण बऱ्याच पेशंटना खाज सुटते. दोन्ही एकच असतं तर एक उतरताना दुसरं चढलं नसतं.

१९९७ साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या त्वचेत खाजेसाठी वेगळे मज्जातंतू सापडल्याचं दाखवून दिलं. हे 'सी' प्रकारचे बारीक तंतू असतात आणि त्यांच्यावर इन्सुलेशन नसतं. त्यामुळे स्पीड किती, तर सेकंदाला साधारण अर्धा मीटर! म्हणजे पायाच्या बोटाला खाज सुटली तर एक मीटर वर मणक्यापर्यंत सिग्नल जायला दोन सेकंद लागतात. आपल्या लॅबमधली सर्वात जुनी केबलसुद्धा याहून बरी.

पुढे २००७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांना मज्जारज्जूत एक खास रिसेप्टर सापडला. उंदरात तो बंद केला तर खाजवणं कमी होतं, पण दुखणं जसंच्या तसं राहतं. म्हणजे मणक्यातही खाजेची लाइन बऱ्याच अंशी वेगळी आहे.

पित्त, आमसूल आणि सिट्रिझिन

आता त्वचेत सिग्नल सुरू कसा होतो ते पाहू. सर्वांना माहीत असलेलं नाव म्हणजे हिस्टामिन. त्वचेत मास्ट पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन पुड्या बांधून ठेवल्यासारखं भरलेलं असतं. डास चावला किंवा ॲलर्जी झाली की पुड्या फुटतात. जागा लाल होते, सुजते, खाजते. अंगावर गांधी उठतात तेव्हा आपण 'पित्त उठलं' म्हणतो, ते हेच. घरी अशा वेळी आमसूल भिजवून अंगाला चोळतात. त्या गार पाण्याने त्वचा थंड होते, आणि थंडाव्याने खाज खरोखरच दबते. सिट्रिझिनची गोळी हिस्टामिनचा रिसेप्टर अडवते, म्हणून पित्तावर ती झकास चालते.

पण हीच गोळी इसब किंवा खरूज असलेल्या माणसाला द्या. खाज जवळपास तशीच राहते! जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्यांनी झोप येते, म्हणून रात्र बरी जाते इतकंच. म्हणजे हिस्टामिनशिवाय दुसरी एखादी लाइन असली पाहिजे. तिचा पत्ता मिळाला तो एका रानवेलीमुळे. ही वेल जव्हार-मोखाड्याच्या पोरांच्या चांगल्या ओळखीची आहे.

खाजकुइलीने दिलेलं उत्तर

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले सह्याद्रीच्या कुशीतले दोन तालुके. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, त्याआधी ते ठाणे जिल्ह्यात होते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी इथली वस्ती, दहात जवळपास नऊ जण आदिवासी. पाऊस धो धो, रान दाट. अशा रानात, कुंपणावर, झुडपांवर एक वेल चढलेली दिसते. जांभळ्या फुलांचे घोस, आणि नंतर वाकड्या शेंगा, त्यांवर सोनेरी-तपकिरी मखमल. ती मखमल म्हणजे खाजकुइली! हात लागला की माणूस अक्षरशः नाचतो. शाळेच्या बाकावर ही कूस टाकायचा उद्योग महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी केला असेल. संस्कृतात हिचं नाव कपिकच्छू. कपि म्हणजे माकड आणि कच्छू म्हणजे खाज. आयुर्वेदात हिच्या बिया औषधात वापरतात आणि त्यांत एल-डोपा असतं, जे पार्किन्सनच्या आजारावर दिलं जातं. एकच झाड, कूस खाजरी आणि बी औषधी.

१९५० च्या दशकात शेली आणि आर्थर या अमेरिकन संशोधकांनी या कुसाचा नीट अभ्यास केला. त्यांना आढळलं की खाज कूस टोचल्याने येत नाही, कुसातल्या एका एन्झाइममुळे येते. त्याला त्यांनी म्युक्युनेन नाव दिलं. हे प्रोटीन कापणारं एन्झाइम, म्हणजे प्रोटिएज. गंमत म्हणजे खाजकुइलीच्या खाजेत हिस्टामिनसारखा लाल फुगवटा फारसा येत नाही आणि अँटिहिस्टामिनने ती थांबतही नाही. मग प्रोटीन कापून खाज कशी येते?

त्याचं उत्तर २००८ मध्ये आलं. त्वचेतल्या पेशींवर आणि मज्जातंतूंवर 'पार-२' नावाचा रिसेप्टर असतो. साधारण रिसेप्टर म्हणजे कुलूप, बाहेरून किल्ली आली की उघडतं. पार-२चं तसं नाही. याची किल्ली त्याच्याच शेपटाला बांधलेली असते, वर सील लावलेलं. प्रोटिएज येतं, सील कापतं, किल्ली मोकळी होऊन स्वतःच्याच कुलपात बसते आणि सिग्नल सुरू! म्युक्युनेन हेच करतं. पार-२ आणि त्याचा भाऊ पार-४, दोघांचं सील तोडतं.

आता खरी गोष्ट इथे आहे. प्रोटिएज काही फक्त खाजकुइलीत नसतं. घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत असतं, जंतूंत असतं, खरजेच्या किड्यात असतं, आणि आपल्या स्वतःच्या त्वचेतही असतं. मास्ट पेशीतून हिस्टामिनबरोबर ट्रिप्टेज बाहेर पडतं, तेही प्रोटिएजच. म्हणजे इसब झालेल्या माणसाच्या त्वचेत जणू रात्रंदिवस खाजकुइली घासत असते. बिचाऱ्याने खाजवू नये तर काय करावं?

भिंत पडली की

इसबाची, म्हणजे अटॉपिक डर्मटायटिसची, सुरुवात बऱ्याचदा भिंतीपासून होते. आपल्या त्वचेचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे सिमेंट. या विटा पक्क्या करणारं फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन असतं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या गटाने दाखवलं की फिलॅग्रिनच्या जीनमध्ये दोष असेल तर इसबाचा धोका खूप वाढतो. भिंतीला भेगा पडल्या की पाणी बाहेर जातं, त्वचा कोरडी पडते, आणि धूळ, जंतू, साबण आत शिरतात.

मग त्वचेच्या पेशी मदतीची हाक देतात. या हाकेतलं एक रसायन म्हणजे टीएसएलपी. ते रोगप्रतिकारक पेशींना बोलावतंच, पण २०१३ मध्ये असंही दिसलं की ते थेट मज्जातंतूलाही ढोसतं. मग टी पेशी येतात आणि आयएल-४, आयएल-१३, आयएल-३१ अशी रसायनं सोडतात. यातलं आयएल-३१ थेट खाज आणतं. आयएल-४ आणि आयएल-१३ थोडं वेगळं काम करतात, २०१७ च्या एका अभ्यासाप्रमाणे ते मज्जातंतूचा गेन वाढवतात. ॲम्प्लिफायरचा गेन जास्त ठेवला की बारीकसा नॉइजसुद्धा मोठा ऐकू येतो ना, तसंच. मग शर्टाची शिवण, घाम, गरम पाणी, सगळ्यानेच खाज येते.

या सगळ्या वाटा शेवटी मज्जातंतूच्या टोकाशी ठराविक दारांवर येऊन थांबतात. त्यांतलं एक दार टीआरपीव्ही-१. हे तेच दार, ज्याने मिरचीचा जाळ आणि गरम चटका कळतो. याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. दुसरं दार टीआरपीए-१. ही दारं उघडली की आयन आत शिरतात आणि सिग्नल निघतो.

२०२३ मध्ये आणखी एक भर पडली. इसबाच्या त्वचेवर स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू भरपूर वाढतो. त्याचं एक प्रोटिएज पार-१ चं सील तोडून थेट खाज आणतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत हार्वर्डच्या गटाला दिसलं. म्हणजे जंतू आपल्या मज्जातंतूंशी परस्पर बोलतो, मध्ये सूज यायचीही गरज नाही!

हे सगळं कळल्याचा फायदा झाला. आयएल-४ आणि आयएल-१३ दोघांना अडवणारं ड्युपिलुमॅब इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं. आयएल-३१ चा रिसेप्टर अडवणारं नेमोलिझुमॅब तिथे २०२४ मध्ये आलं. ही औषधं खूप महाग आहेत. पण भिंत लिंपायचं काम स्वस्तात होतं. अंघोळ झाल्यावर त्वचा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं साधं मॉइश्चरायझर लावायचं. कडक साबण आणि कढत पाणी टाळायचं.

खरूज: सिग्नल उशिरा येतो

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. खरूज ही इसबासारखी आतून होत नाही. तिचं कारण एक किडा, सार्कोप्टिस. मादी ०.३ ते ०.४ मिलिमीटरची, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका. ती त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, काखेत, जांघेत. १६८७ मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी खरजेचं कारण हा किडाच आहे हे लिहून ठेवलं. एखाद्या रोगाचं सूक्ष्म कारण सापडल्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक आहे.

आपल्याला वाटतं, अंगभर खाजतंय म्हणजे हजारो किडे असतील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले आणि किडे मोजले. सरासरी निघाली डझनभराच्या आसपास! मग एवढी खाज कशाची? ती किड्याच्या चालण्याची नाही. किडा, त्याची अंडी, विष्ठा, त्याची प्रोटिएज एन्झाइम यांना आपलं शरीर देत असलेल्या प्रतिक्रियेची आहे. खरूज झालेल्या माणसांच्या त्वचेत पार-२, ट्रिप्टेज आणि टीआरपी दारं वाढलेली आढळली आहेत. म्हणजे खाजकुइलीचीच लाइन! सिट्रिझिन इथे का हरतं ते आता कळलं असेल.

मेलनबींची दुसरी नोंद जास्त महत्त्वाची आहे. किडा अंगावर आल्यावर स्वयंसेवकांना जवळपास महिनाभर काहीच जाणवलं नाही. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा शरीराला किडा ओळखायलाच चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्यांदा झाली तर एक ते चार दिवसांत खाज सुरू होते. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण डेड टाइम शिकतो. सेन्सर उशिरा सांगत असेल तर सिस्टिम हाताबाहेर जाते. खरूज नेमकी अशीच पसरते. ज्याला खाजतंय त्याने औषध लावलं, पण शेजारच्या कॉटवाल्याला अजून खाजत नाही, म्हणून त्याने लावलं नाही. महिन्याने त्याची खरूज याला परत. मग दोघं म्हणतात, औषध भेसळीचं होतं!

आश्रमशाळा काय, होस्टेल काय

जव्हार-मोखाड्याची शेकडो मुलं-मुली आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकतात. आदिवासी विकास विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालय जव्हारलाच आहे. घरून पाडे दूर, त्यात दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि इतर कामांसाठी भिवंडी-वसईकडे स्थलांतर करतात, झोपड्यांत दाटीने राहतात. सुट्टीत मुलं घरी जातात, परत येतात. किड्याला एवढंच हवं असतं, कातडीला कातडी दहा-वीस मिनिटं लागणं. एका सतरंजीवर तिघं झोपली की झालं.

इथे एक गैरसमज काढायलाच हवा. खरूज म्हणजे घाण, न अंघोळ करणारा, असं सरसकट म्हणतात. हे चूक आहे. बोगद्यातला किडा रोजच्या अंघोळीने निघत नाही. खरूज होते ती दाटीने. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तिथल्या पोराला 'अंघोळ करत जा' असं ऐकवणं सोपं आहे! पाण्याचा संबंध आहे तो वेगळा. खाजवून जखमा होतात, त्यांत जंतू शिरतात, पू होतो. पाणी-साबण नसेल तर हे वाढतं. या जंतूंपैकी स्ट्रेप्टोकॉकसमुळे पुढे किडनीला सूज येऊ शकते. म्हणजे विषय निव्वळ खाजेचा नाही. रात्रभर खाजवणारं मूल सकाळी वर्गात पेंगणार, हे तर आहेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातलं. त्यांच्या अंदाजाने जगात कोणत्याही वेळी २० कोटींहून जास्त लोकांना खरूज असते. आणि उपाय? फिजी बेटांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटात खाजत असो-नसो, सर्वांना आयव्हरमेक्टिनची गोळी दिली, ज्यांना ती चालत नाही त्यांना परमेथ्रिन मलम. वर्षाने खरजेचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलं. सगळ्यांना एकदम, हीच ती युक्ती. डेड टाइमवर दुसरा इलाज नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणाऱ्या पथकाच्या तपासणी-यादीत खरूज, बुरशी आणि इसब तिन्ही आहेत. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. कमी पडतं ते इतकंच, की एका मुलाला खरूज निघाली की अख्ख्या खोलीला, आणि घरच्यांनाही, एकाच दिवशी औषध मिळणं.

ते 'जादू' मलम

मेडिकलमध्ये 'खाजेचं मलम द्या' म्हटलं की बऱ्याचदा जी ट्यूब हातात पडते तिच्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक तिन्हींची भेळ असते. स्टेरॉइड सूज उतरवतं, दोन दिवसांत खाज गायब. वाटतं, वा! पण कारण तिथेच राहतं. गजकर्णाची बुरशी आतून पसरत जाते आणि तिचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरलाही ओळखू येत नाही. खरजेचंही तसंच. अलार्मची वायर कापली म्हणजे आग विझली असं होत नाही. भारतात पसरलेल्या एका हट्टी बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. नेहमीच्या औषधांना ती बऱ्याचदा दाद देत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी आपणच दुकानदाराकडून घेतली तर कायदा काय करणार?

तर मग करायचं काय?

बेचक्यात, मनगटावर पुरळ, रात्री जास्त खाज, आणि खोलीतल्या दुसऱ्यालाही तसंच, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी परमेथ्रिन दिलं तर ते गळ्यापासून तळव्यांपर्यंत, बेचक्यात आणि नखांखालीसुद्धा लावा, आठ ते चौदा तास ठेवा, आठवड्याने परत एकदा. रूममधल्या सर्वांनी त्याच रात्री लावायचं, खाजत नसलं तरी. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा, धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, कारण माणसाबाहेर किडा दोन-तीन दिवसच जगतो. आणि मलम लावल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. किडे मेले तरी त्यांचे अवशेष त्वचेत असतात, थर झडेपर्यंत प्रतिक्रिया चालू राहते. म्हणून घाबरून रोज रोज मलम चोपडू नका.

वॉर्डन सरांना आणि मेसच्या काकांनाही विनंती, मुलाने येऊन सांगितलं तर आधी 'घाणेरडा' म्हणू नका. तो लाजला तर लपवणार, आणि लपवलं तर महिन्याने अख्खी विंग खाजवणार!

राहिला वाक्प्रचार. खाजवून खरूज निघत नाही, कारण किडा खाजवण्याने जन्मत नाही. पण वाक्प्रचार करणारे अगदीच चुकले नव्हते. खाजवलं की भिंत पडते, नवी हाक जाते, नवी खाज येते, असा पॉझिटिव्ह फीडबॅकचा लूप तयार होतो. २०२५ च्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या गटाने उंदरांवर दाखवलं की खाजवल्यामुळे मज्जातंतूंतून सबस्टन्स पी सुटतं, त्याने मास्ट पेशी आणखी पेटतात आणि सूज वाढते. त्याच अभ्यासात खाजवण्याने त्वचेवरचे स्टॅफ जंतू थोडे कमी झाल्याचंही दिसलं, म्हणजे निसर्गाने ही सवय अगदीच उगाच दिलेली नाही. तरी हिशोब तोट्याचाच.

तेव्हा नखं कापा, गार पाण्याची पट्टी ठेवा, आणि खाज सुटली की रूममेटला सांगा. तोही कदाचित तुम्हाला हेच सांगायची वाट बघत असेल.